महारुद्राचा डावा कान

"बसा की खाली! ताटावरनं उठून कुठं निघालाव?"

द्वारकाबाई इतक्या मोठ्यानं ओरडली, की आमच्या पत्र्यावरचा कावळा उडाला तो थेट परांड्याच्या किल्ल्यावर जाऊन बसला. महारुद्र उंबऱ्यात उभा होता. उजवा हात वर, मुठीत नसलेली तार धरलेली. डावा हात डाव्या कानावर. तोंडात भाकरीचा घास तसाच. ऊन डोक्यावर आलं होतं, बारा वाजले होते आणि कारखान्याचा भोंगा वाजला नव्हता. वाजणार कसा? वाजवणारा इथं उंबऱ्यात उभा, आणि बॉयलर कालच थंड झालेला.

महारुद्रानं हात खाली घेतला, घास गिळला आणि पुन्हा ताटावर येऊन बसला. पण बसणं कसलं ते! एक मांडी घातलेली, दुसरा गुडघा उभाच.

सत्त्याऐंशीचा फाल्गुन होता. पावसानं पाठ फिरवून दोन वर्षं झाली होती. ऊस चिपाडासारखा वाळून गेला, जो उरला तो जनावरांनी खाल्ला आणि आमच्या कारखान्याचा हंगाम शुक्रवारीच आटोपला. कारखाना सहकारी, म्हणजे सगळ्यांचा. भोंगा मात्र एकट्या महारुद्राचा. पहाटे चार, दुपारी बारा, रात्री आठ अशा तीन पाळ्या आणि प्रत्येक पाळीला वाफेचा भोंगा. खरं तर ह्या कामाला तिघं नेमलेले. पण दुसऱ्या कुणी तार ओढलेली महारुद्राला खपायची नाही. "ह्यो भोंगा हाय का शेळी वरडली?" म्हणत तो घरून पळत सुटायचा. शेवटी बाकीच्या दोघांनी तारेचा नाद सोडला आणि तंबाखू मळण्यात नाव काढलं.

ह्या भोंग्यावर आमचा सगळा मुलूख चालायचा. आमच्या कोंबड्यानं आरवणं सोडून दिलं होतं; पहाटे भोंगा झाला की तो नुसती मान हलवून होकार द्यायचा. म्हशी भोंग्याशिवाय पान्हा सोडत नसत. बार्शी लाइट रेल्वेच्या गाडीचा गार्ड त्यावर घड्याळ लावायचा, असं लोक म्हणतात. लोक म्हणजे मीच म्हणतो, पण म्हणून ते खोटं ठरत नाही.

हंगाम संपताना आमच्याकडं रीत आहे. शेवटची मोळी गव्हाणीत पडली की तिला हळदकुंकू वाहायचं आणि बॉयलरमधली वाफ संपेस्तोवर भोंगा वाजवत ठेवायचा. शुक्रवारी महारुद्रानं तो असा वाजवला, की शेवटी शेवटी भोंग्याचा आवाज घरघर करत खाली येत गेला, म्हाताऱ्या माणसाच्या खोकल्यासारखा झाला आणि थांबला. तरी हा तार धरून उभाच. बॉयलरवरच्या गुंडाप्पानं त्याची बोटं एकेक करून सोडवली.

आता त्याच्या कानाचं सांगतो, कारण गोष्ट सगळी त्या कानाचीच आहे.

महारुद्र एका कानानं बहिरा होता. भोंगा जवळून ऐकून दुसरं काय होणार? डावा कान गेलाय, हे कारखान्याच्या आमच्या सगळ्या चाळीला ठाऊक. कारण तार ओढताना त्याचा डावा हात नेहमी डाव्या कानावर असायचा. दुखरी जागाच माणूस धरतो, नाही का? त्यामुळं चाळीत नियमच झाला होता. त्याच्याशी बोलायचं तर उजव्या बाजूला जायचं आणि तिथून ओरडायचं. तो "आँ?" करायचा. पुन्हा ओरडायचं. मग तो डोकं हलवायचा.

द्वारकाबाईचे त्यामुळं दोन आवाज झाले होते. एक उजव्या कानाचा, सगळ्या चाळीला पुरून उरणारा. दुसरा डाव्या कानाचा. त्याच्या डाव्या बाजूला बसून, ओठ न हलवता, तिला वाटेल ते ती त्या मेलेल्या कानात बोलायची. सासूबद्दल, चुलीबद्दल, तिच्या माहेरच्या तेर गावाबद्दल. लग्नाआधी तिला आवडलेल्या एका कंडक्टरबद्दल. पाचवीच्या पूजेपर्यंतही न जगलेल्या पोराबद्दल. विहिरीत बोलावं तसं.

हे मला कसं ठाऊक? त्यांच्या आणि आमच्या खोलीत एक पत्रा होता. पत्र्याला कान लावायची आमच्यात पद्धत नाही, पत्राच आपणहून कानाला लागायचा. आणि जे पत्र्यातून यायचं नाही ते द्वारकाबाई टँकरच्या रांगेत नागूबाईला सांगायची. नागूबाई म्हणजे माझी बायको.

तर तो शनिवार. एरवी हंगाम संपला तरी कारखान्यात दुरुस्तीचं काम निघायचं, ह्या वर्षी तेही नव्हतं; लग्न झाल्यापासून महारुद्र पहिल्यांदाच अख्खा दिवस घरात होता, आणि घरात तो मावत नव्हता. त्यानं दाराच्या बिजागरीला तेल घातलं. कधी न कुरकुरणारं दार त्यानंतर कुरकुरायला लागलं. त्यानं खुंटी काढून हातभर पलीकडं ठोकली. चूल पूर्वेकडून उत्तरेकडं वळवली, तर सगळा धूर पत्र्याखालून आमच्याकडं. नागूबाई डोळे पुसत म्हणाली, "शेजारी कुणी गेलं व्हय वो?"

मग त्यानं रांजण धरला. रांजण जरा कलता आहे, असं त्याला वाटलं. वर्षानुवर्षं तो तसाच कलता होता आणि त्याचं कुणाला काही वाटलं नव्हतं. महारुद्रानं खालचा दगड काढला, दुसरा सारायला गेला आणि टँकरच्या रांगेत सकाळ घालवून आणलेलं सगळं पाणी अंगणभर झालं. तहानलेली जमीन. बघता बघता ओलही उरली नाही.

द्वारकाबाई दारात आली. रिकाम्या रांजणाकडं बघितलं. मग नवऱ्याच्या उजव्या अंगाला गेली.

"काय करलालाव तुमी? जावा त्या गुंडाप्पाबरुबर! सोमवारची वाट कामून बघताव? आत्ताच निघा चालत!"

"आँ?"

"निघा म्हनलं!"

गोष्ट अशी होती. गुंडाप्पा हा बॉयलरचा फिटर, नळदुर्गचा. त्यानं कृष्णाकाठच्या एका कारखान्यात काम ठरवलं होतं. तिकडं नदीला पाणी, वैशाखापर्यंत गाळप, आणि तिथला भोंगेवाला म्हातारा होऊन घरी बसलेला. गुंडाप्पानं शब्द टाकला होता. सोमवारी पहाटे ट्रक येणार आणि चाळीतली पाचसहा माणसं घेऊन जाणार. कायमचं काम. बायकामाणसांना मात्र तिथं जागा नव्हती. एका खोलीत आठआठ जण. द्वारकाबाईनं तेरला भावाकडं जाऊन राहायचं, असं महारुद्रानं परस्पर ठरवून टाकलं होतं. तिला विचारलं नव्हतं. सांगितलं होतं, तेही ट्रंक आवरता आवरता, पाठमोऱ्यानं.

संध्याकाळी गुंडाप्पा येऊन गेला.

"महारुद्रा, सोमवारी तयार ऱ्हा बरं का. ट्रक थांबणार न्हाय," तो उजव्या कानात ओरडला. "तिकडचा भोंगा बघशील तर येडा होशील. पितळंचा हाय, पितळंचा!"

महारुद्राचे डोळे एकदम लकाकले. "पितळंचा?"

"घेऊन जा बाबा ह्येंला," द्वारकाबाई आतून म्हणाली. "दोन दिस अजून घरात ऱ्हायले तर भिंती हालवतील."

गुंडाप्पा हसत गेला. दिवेलागणीला ती नवऱ्याच्या डोक्याला तेल लावायला बसली, डाव्या बाजूला. इकडं नागूबाईनं तव्यावरची भाकरी तशीच ठेवली आणि मी विडी विझवली.

"जाऊ नका," पत्र्यातून आलं. अगदी बारीक. "भोंगाबी न्हाई अन् तुमीबी न्हाई, तर म्या कशावर उठू अन् कशावर निजू? भाऊजयीच्या दारात किती दिस बसू? जाऊ नका हो."

महारुद्र काहीच बोलला नाही. कसा बोलणार? इकडं भाकरी करपली.

रविवारी त्याला घरात ठेवणं धोक्याचंच होतं. द्वारकाबाईनं भाकरी, पिठलं आणि ठेचा फडक्यात बांधला, ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसली आणि म्हणाली, "चला सोनारीला. भैरवाला नारळ फोडू. जाणाऱ्या माणसाच्या नावानं."

सोनारी आमच्यापासून दोन कोस. त्या दोन कोसांत त्या वर्षी हिरवं म्हणावं असं तिचं लुगडंच होतं. करडई वीतभर वाढून काट्यांनिशी वाळलेली, विहिरींच्या तळाला भेगा. फक्त पळस फुलला होता. पानाला पाणी नाही, पण फुलायचं ते फुललाच. असा पेटला होता की वाटेनं जाणारा एक बैल म्हणे विस्तव समजून बुजला आणि गाडीसकट माघारी घरी गेला.

महारुद्र पुढं चालायचा, थांबायचा, मागं वळायचा, पुन्हा पुढं. वाटेत एका बांधाचे ढासळलेले दगड रचत बसला. बांध कुणाचा तेही ठाऊक नाही. द्वारकाबाई वाट बघत उभी राहिली. दगड लावून झाल्यावर दोघं पुन्हा चालायला लागली. ती त्याच्या डाव्या अंगाला, एक पाऊल मागं.

देवळात नारळ फुटला. मग दोघं बाहेर चिंचेखाली जेवायला बसली. सोनारीत माकडं फार. त्यांना हाकलायचं नसतं. देवाची माणसं, आपला वाटा घेतात आणि जातात. नारळाचं खोबरं खवट निघालं तर परत आणून देतात, असं मी स्वतः पाहिलेलं आहे.

ती डावीकडं बसली. भाकऱ्यांचं फडकं महारुद्राच्या उजवीकडं. ऊन डोक्यावर आलं आणि महारुद्राचा उजवा हात आपोआप वर जायला लागला, गुडघा उभा राहिला. बारा वाजले होते. द्वारकाबाईनं त्याचं मनगट धरलं आणि हात पिठल्याच्या भांड्याकडं आणला.

तेवढ्यात चिंचेवरून एक दांडगं माकड उतरलं. महारुद्राच्या उजव्या कानाशी येऊन त्यानं दात विचकले, असं चीत्कारलं की देवळातली घंटा आपोआप वाजली. महारुद्र ढिम्म. एका कानाच्या माणसाला आवाज कुठून आला ते कळत नाही; त्याची नजर वर, कळसावर. माकडानं सावकाश फडकं सोडलं, वरची भाकरी घेतली, खालची बघितली, तीही घेतली.

द्वारकाबाई ओठ न हलवता पुटपुटली, "घ्या. देव भाकऱ्या घिऊन चालला, अन् आमचं ध्यान बसलंय कळस मोजत."

महारुद्र वळला. "कुठाय माकड?"

तिच्या हातातला घास खाली पडला.

"तुमाला... ऐकू आलं?"

"आलं की."

"म्या तर डाव्या अंगानं बोलले."

"मग? डावाच चांगला हाय." महारुद्रानं उजव्या कानाला बोट लावलं. "ह्यो गेलाय. भोंगा उजवीकडं असतुय न्हवं? डाव्यावर हात धरायचो म्हनून त्यो वाचला."

माकड वर जाऊन भाकरी खात होतं. द्वारकाबाईनं पदर तोंडाला लावला.

"कवापासनं?"

"पयल्यापासनं."

"ते... कंडक्टरचं?"

"परांडा गाडीवरचा. लई उंच व्हता म्हनं."

"अगं आई!" तिनं डोळे मिटले. "अन् तुमच्या आईचं?"

"त्यातलं निम्मं खरंच व्हतं."

ती हसली असती. हसू ओठापर्यंत आलंही होतं. पण मग तिला आठवलं आणि आवाज खाली गेला.

"अन् पोराचं?"

महारुद्र पळसाकडं बघायला लागला. "त्येबी," तो म्हणाला. "तू ठेवलेलं नावबी."

वारा नव्हता, तरी चिंचेचा पाला खाली पडत होता. माकडानं हलवला असेल.

"मग कधी बोलला का न्हाईत?" ती म्हणाली. "इतकी वर्सं? दगडावानी ऐकत बसलाव?"

"म्या बोललो असतो तर तू बोलली असतीस व्हय?"

तिनं पिठल्याचं भांडं पुढं सरकवलं. भाकरी नव्हतीच, दोघांनी नुसतं पिठलं खाल्लं. लग्न झाल्यापासून महारुद्र दुपारचं जेवण पुरं होईपर्यंत बसला, असं तेव्हा पहिल्यांदाच झालं. पण ते कुणाच्या ध्यानात आलं नाही.

उठताना तिच्या एक गोष्ट लक्षात आली आणि तिचं पाऊल अडलं. शनिवारचं 'जाऊ नका' त्यानं ऐकलं होतं. धडधडीत, चांगल्या कानानं ऐकलं होतं. आणि तरी सकाळी उठून ट्रंकेला दोरी बांधली होती.

परतीच्या वाटेवर ती त्याच्या उजव्या अंगाला आली. तोंडातून शब्द काढला नाही. महारुद्र चालता चालता मान वळवून बघायचा. डावीकडं कुणी नाही. उजवीकडं हिरवं लुगडं, ताठ. एकदा तो थांबला आणि मुद्दाम तिच्या पलीकडं गेला, म्हणजे ती डावीकडं यावी. ती दोन पावलं मागं राहिली आणि पुन्हा उजवीकडं आली. दोन कोस असे गेले. त्यानं बांधाचे दगडही बघितले नाहीत.

त्या संध्याकाळी पत्र्यापलीकडं इतकी शांतता होती, की मी नागूबाईला म्हणालो, "आपल्याला तर बहिरेपण आलं नाही ना?" भांड्यांचा आवाज, दशम्या थापल्याचा आवाज, बस्स. तिनं वाटेची शिदोरी बांधली, ट्रंकेवर ठेवली. महारुद्र दारात बसून बिजागरी हलवून बघत होता. कुरकुर, कुरकुर.

"पहाटं ट्रक येतोय," तो केव्हातरी म्हणाला.

ती काही बोलली नाही. ना मोठ्या आवाजात, ना बारीक.

"तिकडं पितळंचा भोंगा हाय म्हनं," तो म्हणाला.

तरीही नाही. मग त्यांचा दिवा गेला.

त्याचं पुढं काय झालं ते आधीच सांगून टाकतो. आमचा भोंगा पुढच्या दसऱ्याला वाजला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. महारुद्र रोजगार हमीच्या कामावर गेला. पाझर तलावाच्या भरावावर, डोक्यावर पाटी घेऊन. द्वारकाबाई त्याच्यापुढं पाटी घेऊन. दुपारी सुट्टीची वेळ झाली की मुकादमाच्या आधी ह्याचा हात वर जायचा. लोक तेवढं बघून पाट्या टाकायचे. पितळेच्या भोंग्याखाली गुंडाप्पानं दुसरा माणूस बसवला. तो चांगला वाजवतो म्हणे. ऐकायला मी गेलो नाही.

पण मला त्या पहाटेचंच सांगायचंय.

महारुद्राचं अंग चारला उठायचं. भोंगा असो नसो, आजारी असो, लग्नाची रात्र असो. त्या सोमवारी चार होऊन गेले. कोंबड्यानं वाट बघितली, मान हलवली आणि शेवटी न राहवून, किती वर्षांनी कोण जाणे, स्वतः आरवला. तांबडं फुटलं. ट्रक आला, चाळीच्या तोंडाशी थांबला आणि त्यानं भोंगा मारला. मी दार उघडून उभा. पाच माणसं वळकट्या घेऊन चढली.

ट्रकनं पुन्हा भोंगा मारला. लांबलचक.

गुंडाप्पा धावत महारुद्राच्या दारी आला. थापा मारल्या. "ए महारुद्रा! अरं चल की! ट्रक निघाला!"

दार कुरकुरलं. द्वारकाबाई उंबऱ्यात आली. तिच्यामागं कंदिलाच्या उजेडात मला आतलं दिसत होतं. ट्रंक, ट्रंकेवर शिदोरी, खाली वाकळ, आणि वाकळीवर महारुद्र. हा माणूस जन्मभर उजव्या कुशीवर निजलेला, भोंग्याची वेळ चुकू नये म्हणून. त्या पहाटे तो डाव्या कुशीवर होता. डावा कान उशीत खोल रुतवलेला. उजवा वर. पापण्या घट्ट मिटलेल्या, इतक्या घट्ट की झोपलेल्या माणसाच्या नसतात.

"उठीव की वहिनी त्येला!" गुंडाप्पा ओरडला.

द्वारकाबाईनं एकदा मागं वळून बघितलं. मग त्याच्याकडं.

"झोपल्यात ते," ती म्हणाली. "ऐकू येत न्हाय त्येंला. ठाऊक न्हाय का तुमाला?"

गुंडाप्पानं तिच्याकडं बघितलं, ट्रंकेकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मी आभाळाकडं बघितलं. ट्रकचा तिसरा भोंगा झाला आणि तो पळत सुटला.

धुरळा खाली बसायला वेळ लागला. द्वारकाबाईनं दार लोटलं, पण बिजागरीनं ते पुरतं लागेना. आत ती ट्रंकेशी थांबली, शिदोरी उचलून चुलीकडं ठेवली. मग वाकळीवर बसली. नवऱ्याच्या वर आलेल्या कानाशी, त्या उजव्या, खरोखर मेलेल्या कानाशी वाकली आणि काहीतरी बोलली. बराच वेळ बोलत होती.

काय बोलली, ते पत्र्यातून आलं नाही. टँकरच्या रांगेत नागूबाईनं खोदून खोदून विचारलं, तरी तिनं सांगितलं नाही. महारुद्रालाही ते ठाऊक नाही.